न विझणारा दिवा

आठवीच्या वर्गात कार्बन डायऑक्साइड शिकवायचा माझा एक ठरलेला प्रयोग आहे. काचेच्या ग्लासात खाण्याचा सोडा घ्यायचा, वर लिंबू पिळायचं आणि फेस बसू द्यायचा. मग तो ग्लास पेटत्या मेणबत्तीवर अलगद कलता करायचा. थेंब पडत नाही, वारा येत नाही, मी फुंकर मारत नाही. मॅडम रिकामा ग्लास ओतताहेत, एवढंच मुलींना दिसतं. आणि मेणबत्ती विझते.

देवरीकडच्या या मुली जंगलातून सायकलीनं शाळेत येतात, अस्वलाला भीत नाहीत, पण या ग्लासाला भितात.

"मॅडम, कोनं इझवली?"

"कोणी नाही," मी म्हणते. "हा वायू हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा खळग्यात भरून बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्योतीला जळायला ऑक्सिजन लागतो आणि आपल्याला श्वासालाही तोच लागतो. ज्योत गुदमरते तिथं माणसानं जाऊ नये." मुली भराभर लिहून घेतात आणि परीक्षेत 'जड' हा शब्द हटकून गाळतात. पालथ्या घड्यावर पाणी! मग मी चिडते. घरचे म्हणतात, मी चिडतच जन्माला आले.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले. माहेर बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला. घरामागं धानाच्या बांधीला लागून एक जुनी विहीर आहे. मी शाळेत शिकत असताना माझे काका तिच्यात गेले. गाळ काढायला उतरले होते. ओरडले नाहीत, हाक मारली नाही, भिंतीच्या कड्या धरून उतरता उतरता नुसते खाली घसरले. पाणी गुडघाभरही नव्हतं. तळ्यात या काठापासून त्या काठापर्यंत पोहणारा माणूस गुडघाभर पाण्यात मेला, तेव्हा गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. विहिरीतल्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी, नेला.

आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी आसरांसाठी दोरीनं दिवा सोडतात. दिवा तळापर्यंत जळत गेला तर विहीर राजी आहे. विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. काकांच्या वेळचा दिवा काकीनं लावला होता आणि तो विझला होता. काका हसले आणि उतरले. पण उतरणाऱ्याला कोणी दोष दिला नाही, दोष आला काकीच्या हाताला. तेव्हापासून आमच्या घरात काकीला दिवा लावू देत नाहीत. दिवाळीत ती पणत्या पुसून देते, वाती वळून देते आणि बाजूला जाऊन बसते. मला या गोष्टीचा फार संताप येतो, पण माझ्या संतापाला घरात कोण विचारतं?

विहिरीवर तेव्हा पत्रे टाकले, ते तसेच राहिले. त्या उन्हाळ्यात भावाला भाजीपाल्यासाठी पाणी हवं होतं. एके दिवशी सकाळी मी परसात गेले, तर पत्रे काढलेले, शेजारचे दोघे दोरी धरून उभे, आणि भाऊ कमरेला तिचंच टोक बांधून काठावर. मी आत वाकून पाहिलं. जुन्या विहिरीत एखादा तरी बेडूक असतो. हिच्यात काहीच हालत नव्हतं. तळाशी कुजलेल्या पाल्यावर दिवा जळत होता. पिवळा, स्वच्छ. जरासुद्धा थरथरत नव्हता. ज्योत अशी कधी उभी राहते का?

"कसला दिवा आहे रे हा?"

"सेलचा," भाऊ म्हणाला. "गोंदियाहून आनला. दुकानदार म्हने, कभी नहीं बुझेगा भैया, गारंटी. तेलाचा इझते ना ताई, मंग अपशकुन होते, आई रडत बसते. हा इझतच नाई. आता उतरून राहिलो मी."

सेलच्या दिव्याला ऑक्सिजन लागतच नाही. पत्र्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं पाला पडलेला. तो कुजताना ऑक्सिजन संपत जातो आणि तो जड वायू तयार होतो. वरून पत्र्याचं झाकण. माझाच ग्लास, फक्त माणूस मावेल एवढा.

मी त्याची दोरी धरली. "उतरायचं नाही."

"काऊन? तू बी आसरा मानते का आता?" तो हसला. अगदी काकांसारखा हसला.

"तेलाचा दिवा सोडते मी. तो जळत राहिला तर बघू."

"नको वो बाई, इझन तो!" मागून आलेली आई म्हणाली.

"इझन तर इझू दे!" मी ओरडले.

वर बिरसीचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी दिवा लावून सोडला. ओलसर शेवाळलेला दगड सुरू होतो तिथं ज्योत आखडली, वातीपासून किंचित वर उचलली गेली आणि नाहीशी झाली. धूर वर आला नाही. तो तिथंच आडवा पसरला आणि धुवट चादरीसारखा तरंगत राहिला. त्याच्या खाली सेलचा दिवा तसाच झगमगत होता.

"तुया हातचा..." आई बोलू लागली आणि थांबली. मी काडेपेटी तिच्याच हातात दिली. घरातली सगळी शुभकार्यं आईच्या हातानं होतात. तिचाही दिवा त्याच दगडापाशी विझला. मग भावानं लावला. त्याच दगडापाशी. तो कमरेची गाठ सोडायला लागला, पण त्याच्या बोटांना ती सुटेना. शेवटी मीच सोडली.

मग मी वर्गात सांगते तेच सगळं काठावर सांगितलं. शेवटी म्हटलं, "काकांना कोणी नेलं नाही. त्या दगडाखाली श्वासच नाही."

काकी गोठ्याच्या दाराशी उभी होती. काका गेल्यापासून ती विहिरीजवळ आली नव्हती. ती चालत आली, हात पुढं केला. "मले दे."

कोणी अडवलं नाही. तिनं दिवा लावला, सोडला. त्याच दगडापाशी विझला. ती धुराकडं बघत राहिली.

"मी म्हनली होती त्याईले, उतरू नका," ती म्हणाली. "दिवा सांगून रायला होता. कोनाच्याबी हातचा असता तरी इझलाच असता नं?"

"हो काकी."

आईनं पदर तोंडाला लावला. गाळ नंतर क्रेन लावून, वरूनच काढला.

त्या संध्याकाळी तुळशीपुढं आईनं काडेपेटी काकीच्या हातात ठेवली. काकीनं दिवा लावला. तो नीट जळत होता, तरी तिनं दोन्ही हातांचा आडोसा काढला नाही. जेवायला हाक मारली तेव्हाही ती तिथंच बसली होती, तो आता विझेल, मग विझेल अशी धास्ती धरून.