शेजारच्या सीटवरचा पाय

नोएडात नवी सेक्टरं उभी राहत होती, त्या वर्षांत आम्ही पहिली गाडी घेतली. मी चालवायचो आणि शेजारी बसलेली बायको तिथं नसलेला ब्रेक उजव्या पायानं दाबत राहायची. एकदा गाडी ट्रकच्या मागे जेमतेम वीतभर अंतरावर थांबली. तेव्हा ती म्हणाली, "आता मी बसनंच जाणार." म्हणून चांगल्यातले ब्रेक बसवायला तिला घेऊन फरीदाबादच्या एका मेकॅनिककडे गेलो.

माणूस पन्नाशीचा, कानात अत्तराचा फाया. हात पुसल्याशिवाय तो कुणाशी बोलत नसे. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि नवे पॅड बसवून झाल्यावर त्यानं सावकाश हात पुसले आणि बायकोला अदबीनं म्हणाला, "भाभीजी, आप आगे बैठिए. टेस्ट आपके पैर से होगा."

त्यानं स्वतः भर बाजारातून गाडी फिरवली. मी मागे बसलो होतो. रिक्षा आडवी आली, म्हैसही आली, पण बायकोचा पाय जागचा हलला नाही. परतताना त्यानं मला चालवायला दिलं आणि मागून वाकून बघत राहिला. पहिल्याच चौकात तिनं पुन्हा तो नसलेला ब्रेक दाबला.

"साहब, ब्रेक बढ़िया हैं," तो म्हणाला, "बस, आप इन्हें याद बहुत देर से करते हैं."

बायको इतकी हसली की मला रागावताही येईना.

घरी येताना मी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं आणि त्या अंतरात अख्खी दिल्ली घुसत राहिली. तासभर उशीर झाला. सोमवारी मात्र बायको आपणहून गाडीत येऊन बसली आणि निवांत केस विंचरू लागली.