डोहात मगर आहे

शनिवारी शाळा अकराला सुटायची आणि सव्वाअकराला दमणी दारात उभी असायची. दमणी म्हणजे दोन बैलांची, वर छत असलेली हलकी गाडी. मी हातावरचा खडू पुसत धावत यायचे. तोवर घरमालकीण काकूंनी भाकरी, ठेचा आणि कांदे फडक्यात बांधलेले असायचे आणि काका बैलांना सांगत असायचे, "चला बाप्पा. मास्तरीणबाईले दुनिया पाहाची हाये."

पाहायचीच होती! मी साताऱ्याकडची, बाविशीतली. उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी असलेल्या या गावातल्या शाळेच्या एक बाई लांब रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी एप्रिलपर्यंत शिकवायला एवढ्या दूर यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून मी आले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्या राज्यासाठी निघालेल्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली होती. वडिलांचं पायाने चालवायचं छपाईयंत्र घरातच होतं. शाळेतून आले की ओल्या शाईची पत्रकं घडी करायची, गठ्ठे बांधायचे. त्यामुळे माझ्या बोलण्यातसुद्धा उद्गारचिन्हं फार असत.

गावात आल्यावर चौथ्याच दिवशी काकूंकडून कळलं की सहस्रकुंडाचा धबधबा इथून चार कोसांवर आहे आणि लग्न होऊन अठरा वर्षं झाली तरी त्यांनी तो पाहिलेला नाही.

"हा अन्याय आहे!" मी म्हणाले.

"नाही वं बाई, धबधबा हाये," काका म्हणाले. "अन् तिथं काय पाहाचं? गोटे हायेत निरे."

पण त्यांनी दमणी जुंपली. त्या शनिवारपासून आम्हा तिघांना फिरण्याचं वेडच लागलं. पहिल्या महिन्यात मी जे पाहिलं ते तोवरच्या सगळ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतातून बंदुकीच्या गोळीसारखा सुटलेला काळवीट. नाल्यात पाणी पिताना मान वर करून थेट माझ्याकडे पाहणारी चितळाची मादी. आणि रोही, म्हणजे नीलगाय! घोड्याची मान, गाईचे खूर आणि अंग पावसाळी ढगाच्या रंगाचं. मी दमणीतून अर्धी बाहेर लटकून ओरडले, "काय देखणा आहे हो काका!"

"माह्या तुरीत उभा राह्यला म्हंजे इतका देखना नाही दिसत," काका म्हणाले.

धबधब्याला पोचलो तेव्हा काळ्या दगडांतून शेकडो धारा एकदम खाली उडी घेत होत्या. पाणी पडत नव्हतं, फुटत होतं. उडालेल्या तुषारांनी माझं तोंड ओलं झालं. पलीकडचा काठ मराठवाड्याचा. काकांच्या तरुणपणी तिथे निजामाचं राज्य होतं. काकू कड्याजवळ उभ्या राहून हातवारे करत मोठमोठ्याने काहीतरी बोलत होत्या. त्या आवाजात काही ऐकू येईना. मी अगदी कानाशी गेले.

"अठरा वर्सं!" काकू ओरडत होत्या. "अठरा वर्सं हे इथं होतं, अन् हा मानूस मले सांगते का निरे गोटे हायेत!"

त्या दिवसापासून दमणीला उशीर झाला तर माझ्याआधी काकू ओरडू लागल्या. "मी येतो का नाही पाह्यतच नाही तुमी, चला लवकर!" तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मला ते फार आवडायचं.

धबधब्याहून परतताना, आमच्या गावापासून दीड कोसावर, नदीत एक डोह लागायचा. पाणी खोल, हिरवं, गार. मी त्यात पाय सोडून बसले तेव्हा जाळी सुकवणारा एक कोळी म्हणाला, "बाई, जपून बरं. याच्यात सुसर हाये."

मी पाय असे वर घेतले की एक चप्पल पाण्यात गेली! त्याने सांगितलं की तिचं तोंड आखूड आणि रुंद आहे. शाळेतल्या चित्रांच्या पुस्तकात मी पाहिलं होतं: सुसरीचं तोंड चिमट्यासारखं लांब. म्हणजे ही सुसर नव्हे, मगर! आणि एवढ्या मोठ्या धोक्याची कुणाला सूचना नाही! बायका येतात, जनावरं येतात! माझं डोकं तापलं. मोडक्या बाकाची फळी घेतली, तिला डांबर फासलं आणि वर चुन्याने ठसठशीत लिहिलं: "सावधान!! डोहात मगर आहे!!!" पुढच्या शनिवारी ती फळी डोहाच्या काठी खुंटीवर ठोकली.

"अक्षर झकास हाये," काका म्हणाले. मग उद्गारचिन्हांवर बोट ठेवून म्हणाले, "पन एवढ्या काठ्या कायले गाडल्या?"

त्यानंतरच्या शनिवारी डोहाजवळ पोचलो तर फळीसमोर एक बाई उभी. चाळिशीची, उंच. बंजाऱ्यांचा तांडा तिथून हाकेच्या अंतरावर होता, ती तिथली. आरशांची चोळी, कोपरापर्यंत बलुयं, म्हणजे पांढऱ्या रुंद बांगड्या, आणि मागे आठ म्हशी. दमणीतून उतरताच तिने मला विचारलं, "हे तू लिवलं?"

"हो मावशी."

"माह्या जवायानं वाचलं. डोहात. मगर. आहे. त्याले म्हटलं, समोर वाच. थो म्हने समोर काहीच नाही. मंग मले सांग, मगर काय?"

"मगर म्हणजे... मगरच."

"थेच तं इचारून राह्यलो मी. डोहात पानी आहे, मगर काय? पानी खारं झालं? का सरकारनं डोह घेतला? का आमी येऊ नाही?"

मागून विचित्र आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर काका दमणीच्या चाकाला धरून खाली बसले होते आणि हसून हसून त्यांचा श्वास कोंडला होता. त्या भागात बाजारात, एसटीत, घरात हिंदी-उर्दू इतकी मिसळलेली होती की 'मगर' म्हणजे 'पण'. पाण्यातलं जनावर सुसर, आखूड तोंडाचं असो की लांब. माझी फळी आठवडाभर वाचणाऱ्याला सांगत होती: सावधान, डोहात पण आहे.

"मास्तरीणबाई," काका डोळे पुसत म्हणाले, "तुमी म्हनत होत्या ना, सगळ्या मराठी बोलनाऱ्यायचं एक राज्य पायजे? घ्या मंग!"

काका स्वतः वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. या विषयावर आम्ही रोज भांडत असू.

काकूंनी मावशीला सांगितलं, "सुसर, वं बाई. सुसर हाये म्हनते थे."

मावशी एकदम गंभीर झाली. तिने पाण्याकडे पाहिलं, मग म्हशींकडे. त्यातली एक गाभण होती, पोट जमिनीकडे ओढलेलं. मग तिने मला विचारलं, "तुनं पाह्यली?"

"कोळ्याने सांगितलं."

"मी तुले इचारून राह्यलो. तुनं, तुह्या डोयानं, पाह्यली?"

मी फळीकडे पाहिलं.

मग तिने मला शांतपणे समजावून सांगितलं. म्हशींना बसायला पाणी लागतं. तांड्याजवळ खोल पाणी एवढंच. दुसरं वरच्या घाटावर, कोसभर लांब. आणि तिथे उतरायला नुसते गोटे. गाभण म्हैस त्या गोट्यांवरून घसरली तर म्हैसही जाईल आणि पोटातलंही. या म्हशींवरच तिचं घर चालत होतं. मागल्या साली डोहावरून एक पारडू गेलं होतं, पण ते बिबट्याने नेलं असं सगळे म्हणत होते.

"तू पाह्यली असशीन तं मी वरच्या घाटावर नेतो," ती म्हणाली. "पाह्यली नसशीन तं फळी काढ. लिवलेल्याले लोक भेतात."

मला वडिलांची आठवण झाली. एकदा कुणीतरी मजकूर आणला होता, त्यात एका गावी लाठीमार झाल्याचं लिहिलं होतं. मी तेरा वर्षांची होते, ओळ भराभर जुळवली. वडिलांनी त्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही होतात तिथे?" ते म्हणाले, "नाही, ऐकलं." वडिलांनी जुळवलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, माझ्याच हाताने परत खणांत टाकायला लावले. मी रडले होते. आणि आता मी, त्यांची मुलगी, चुना हातात घेऊन ऐकीव गोष्टीला तीन उद्गारचिन्हं लावून मोकळी झाले होते!

"मी पाहीन," मी म्हणाले. "पाहून सांगेन."

"होळीपर्यंत मी वर नेतो," मावशी म्हणाली. "मंग डोहात."

होळीला पाच रविवार होते.

आमच्या सहलींची दिशाच बदलली. आता दर शनिवारी तांड्याजवळ मुक्काम, आणि रविवारी उजाडताच डोहाच्या काठच्या करंजांमागे दबा धरून बसायचं. काकांना उठवत नसे. ते दमणीतच घोरत. काकू मात्र माझ्याआधी तयार. त्या झाडामागे आम्ही किती काय पाहिलं! पाणमांजरांचं एक कुटुंब ओळीने पोहत गेलं आणि त्यातल्या एकाने मासा दोन हातांत धरून भुट्ट्यासारखा खाल्ला. मोराने आमच्यापासून दहा पावलांवर पिसारा उघडला आणि काकू पुटपुटल्या, "माय वं, याले काही लाज!" चितळांचा कळप आला, प्यायला, गेला. मी वहीत सगळं लिहीत होते.

सुसर मात्र दिसेना.

दर रविवारी दुपारी मावशी वरच्या घाटावरून म्हशी घेऊन परतायची. दुरूनच ओरडायची, "दिसली?"

"नाही!"

दुसऱ्या रविवारी एक म्हैस लंगडत होती. तिसऱ्या रविवारी मावशीने सांगितलं की दूध कमी झालंय. चौथ्या रविवारी तिने "दिसली?" असं विचारलंच नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि गाभण म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सुसर नाही अन् फुसर नाही," काका म्हणाले. "काढा थे फळी."

"एक रविवार आहे अजून!"

होळीच्या आधीच्या त्या रविवारी मावशी स्वतःच आली. म्हशी तांड्यावर ठेवून. "मीबी पाह्यतो," म्हणाली आणि आमच्या दोघींच्या मध्ये बसली. तिच्या दागिन्यांचा आवाज होऊ नये म्हणून काकूंनी तिला अंथरायला आणलेलं जुनं लुगडं पांघरायला दिलं. उन्हं समोरच्या वाळूवर आली. टिटवी ओरडली, थांबली. बराच वेळ काहीच नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

काकू माझ्या कानात म्हणाल्या, "थे लाकूड मागल्या खेपेले नव्हतं."

वाळूच्या कडेला एक ओंडका पडला होता. काळपट, खरबरीत, दमणीच्या दांड्याएवढा लांब. टिटवी त्याच्याजवळून चालत गेली आणि मग एकाएकी वळसा घालून लांबून गेली.

ओंडक्याने तोंड उघडलं.

मी ओरडणार तोच काकूंनी पदर माझ्या तोंडात कोंबला. मावशीने माझं मनगट असं धरलं की तिच्या बलुयांचे वळ दोन दिवस राहिले. ते तोंड उघडंच होतं, आतून पिवळट, आणि दात! इतक्या दुरूनही एकेक मोजता आला असता. आम्ही तिघी एकाच श्वासावर बसलो होतो. मग मागे दमणीजवळ बैल फुरफुरला. सुसर पाण्यात गेली. धावत नाही, उडी मारून नाही; पोतं सरकवावं तशी, आणि आवाज अजिबात नाही. दोन उंचवटे पाण्यावर राहिले, तेही गेले. डोह पुन्हा हिरवा, गार, साधा. याच पाण्यात मी पाय सोडून बसले होते!

"पाह्यली," मावशी म्हणाली. मग पाण्याकडे पाहत, "पारडू नेनारा बिबट नव्हता थो."

मग मात्र आम्ही सगळ्या एकदम बोलू लागलो. काका धावत आले तर त्यांना तिघींकडून तीन सुसरी ऐकायला मिळाल्या. "मले काहून नाही उठवलं?" ते चिडून म्हणाले, आणि काकूंनी उत्तर दिलं, "तुमाले काय, निरे गोटे दिसले असते!"

मी तांड्यावरून वाटीभर चुना आणला, खुंटीवरची फळी काढली, उलटी केली. "आता बरोबर लिहिते."

"लिवून काय करशीन?" मावशी म्हणाली. "इथं पान्यावर येते थ्यातल्या किती जनाले वाचता येते?"

एवढी साधी गोष्ट! पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेल्या माझ्या डोक्यात ती कधी आलीच नव्हती. काकूंनी चुन्याची वाटी घेतली. सणाला भिंतीवर चित्रं काढणारा त्यांचा हात. भराभर पाठ, पाय, शेपूट.

"पाल झाली," काका म्हणाले.

"तुमी पाह्यली का? गप राहा."

मावशीने बोट चुन्यात बुडवलं. जबडा पुसून रुंद केला. शेपटीवर विळ्यासारखे दाते काढले. मग एकेक दात, सावकाश, जसे पाहिले होते तसे. काढून झाल्यावर तिने पाऊलभर मागे सरून पाहिलं.

खाली मी एकच शब्द लिहिला. उद्गारचिन्ह दिलं नाही.

"काय लिवलं?"

"सुसर."

मावशी हसली. म्हशीच्या वाटेकडे पाहत म्हणाली, "सुसर हाये. मगर वरच्या घाटाचे गोटे कोन उचलन?"

माझे जायचे दिवस येईपर्यंत चार रविवार उरले होते. ते चारही आम्ही वरच्या घाटावर काढले. तांड्यावरची माणसंही आली. काकांनी पहार आणली आणि मोठे गोटे बैलांकडून ओढवले; काकू आणि मी लहान गोटे पाटीतून काठाला टाकत होतो. वर झाडावर वानरं बसून आमच्याकडे पाहत होती, आणि काकू त्यांना दाखवून म्हणायच्या, "आज पाहाची पाळी त्यायची हाये."

शेवटच्या रविवारी मावशीने गाभण म्हशीला उताराच्या तोंडाशी आणून सोडलं आणि बाजूला झाली. म्हशीने एक पाय टाकला, चाचपला. दुसरा टाकला. मग डुलत डुलत सरळ खाली गेली आणि पाण्यात बसली.