लाल रेघेवरचं खुराडं

कुपवाडच्या वर्कशॉपमधला तो वेल्डर गेट आणि खिडक्यांचे ग्रिल बनवतो. आमच्या सांगलीच्या घराचं गेटही त्याचंच, म्हणून परसात चार कोंबड्या पाळायचं ठरल्यावर खुराड्यासाठी त्यालाच बोलावलं. बोलायच्या आधी एक डोळा मिटून समोरचं निरखायची त्याला सवय आहे. मी कोंबड्यांचं सांगत होते आणि तो परसाची भिंत निरखत होता.

"ताई, पुराचं पाणी कुटवर आलतं हितं?"

मी भिंतीवरचा मातकट पट्टा दाखवला. त्यानं टेप काढलाच नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पट्टा त्याच्या छातीशी आला. "बरं," म्हणाला आणि गेला.

आठवड्यानं खुराडं आणलं, ते चार उंच लोखंडी पायांवर. कोंबड्यांना चढायला तिरकी फळी. शेजारी हसले. आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढं उंच कशाला? पाणी आलं तर कोंबड्या उचलून गच्चीवर नेऊ की."

"तवा माणसं आदी उचलत्यात," तो म्हणाला. "आमी बी तसंच केलं. कोंबड्या खालीच ऱ्हायल्या."

प्रत्येक गेटवर तो वर्कशॉपचं नाव रंगवतो. इथं मात्र त्यानं एका पायावर, त्या पट्ट्याच्या उंचीला, लाल रेघ ओढली. खुराड्याचा तळ तिच्या वीतभर वर होता. एक डोळा मिटून त्यानं रेघ बघितली आणि पहिल्यांदाच हसला.

आता कुणी खुराडं बघायला आलं की मी कोंबड्या नंतर दाखवते. आधी ती रेघ दाखवते.