विमानातून पाठवलेली तीन अक्षरं

सोलापुरात एका केबल-इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात मी गेली कित्येक वर्षं तक्रारी ऐकते. सकाळी हेडफोन कानाला लावला की संध्याकाळपर्यंत एकच पाढा असतो, नेट गेलंय. कुणी मराठीत सांगतं, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत, आणि अक्कलकोटकडचं कुणी रागावलं की सरळ कन्नडवर जातं. कधी रस्ता खोदताना जेसीबीनं वायर तोडलेली असते, तर कधी घरातल्याच कुणी मिक्सर लावायला राऊटरचा प्लग काढलेला असतो. मी आधी सगळ्यांना एकच विचारते, "तुमच्या बाजूचं सगळं चालू आहे का, तेवढं बघा." लोकांना या प्रश्नाचा भयंकर राग येतो, पण बहुतेक वेळा खोट तिथंच निघते.

सांगायचं कारण असं, की नेटमधलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी मी घरच्यांपुढे एक फुशारकी मारली आणि पुरती अडकले.

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. वहिनी बाळंतपणाला वैरागला माहेरी होती आणि बारसंही तिथंच, बाराव्या दिवशी करायचं ठरलं होतं. आमच्याकडे नाव आत्यानं ठेवायचं, आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणालाही कळू द्यायचं नाही. आईबापालाही नाही. हल्ली लोक नाव आधीच बॅनरवर छापून मोकळे होतात. आमच्यात सगळ्यात आधी बाळानं ऐकायचं आणि मग गावानं. मला ही रीत फार आवडते. एवढ्याशा जिवाला स्वतःबद्दलची निदान एक गोष्ट तरी सगळ्यांच्या आधी कळावी. या बाळाला आत्या एकच, ती मी.

पण मला या बारशाचं एवढं लागून राहिलं होतं ते नुसत्या हौसेपायी नाही. तीन वर्षांपूर्वी मंद्रूपला, आमच्या घरी, चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका जमल्या, तशी वहिनीही पुढं झाली आणि तिनं पाळण्याच्या दोरीला हात घातला. नातेपुत्याची आमची मावशी तिला म्हणाली, "तू जरा मागं थांब, बाई." आवाज चढवला नाही, अगदी सहज म्हणाली. वहिनी मागं सरकली आणि घुगऱ्यांचे द्रोण भरायला बसली. मी तिथंच, हातभर अंतरावर उभी होते. ऑफिसात दिवसभर चालणारं माझं तोंड त्या दिवशी उघडलं नाही. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. परतताना एसटीत मी तिला म्हणाले, "तुज्या बाळाचं नाव मीच ठेवणार. पाळण्यापाशी तूच हुबी राहायचं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघू की, वन्सं."

तर ते बाळ आलं, पण सांगितलेल्या तारखेपेक्षा आठ दिवस उशिरा आलं. माझी मुलगी इंग्लंडात शिकत होती आणि तिचा पदवीदान समारंभ होता. तिकीट बदलून मिळेना. हिशेब केला तर बारावा दिवस नेमका माझ्या प्रवासाचा निघाला.

वहिनी फोनवर म्हणाली, "आमी थांबतो की. तुमी आल्यावर करू."

"मी महिन्यानं येणार."

"मग महिन्यानं करू. एवढी वर्षं थांबलो न्हवं."

अजून हिनं थांबायचं, तेही माझ्यासाठी? मी म्हणाले, "काय थांबायचं न्हाय. विमानात आता नेट असतंय. मी व्हिडिओ कॉल लावते, तुमी फोन बाळाच्या कानाशी धरा." मागून भाऊ म्हणाला, "आक्का, खरंच चालतंय का तितं?" मी त्याला म्हणाले, "तू मला नेटचं शिकवू नगंस."

विमान मुंबईहून दुपारी निघालं. माझा पहिलाच परदेश प्रवास, त्यामुळे मला सगळ्याचंच नवल वाटत होतं. पट्टा सोडायची परवानगी मिळाल्याबरोबर मी फोन काढला. पुढच्या सीटच्या खिशात एक कार्ड होतं, त्यावरच्या सूचना वाचत वाचत विमानाचं वायफाय जोडलं आणि ते एका झटक्यात जुळलं. खाली पांढऱ्या ढगांशिवाय काही दिसत नव्हतं आणि माझ्या फोनवर मात्र आमच्या ऑफिसच्या ग्रुपमधला निरोप आला, सम्राट चौकात पुन्हा वायर तुटली. मी एकटीच हसले.

मग शेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या गृहस्थांना विचारलं, की हे येतं तरी कुठून? ते याच धंद्यातले निघाले, पुण्याचे, आणि कुणी विचारायचीच वाट बघत असावेत. त्यांनी सांगितलं, विमानाच्या टपावर एक उंचवटा असतो, त्याखाली अँटेना असते. ती वर उपग्रहाशी बोलते, उपग्रह जमिनीवरच्या एखाद्या केंद्राशी बोलतो, आणि तिथून पुढं वायर.

"म्हणजे शेवटी वायरच," मी म्हणाले.

"शेवटी वायरच," ते म्हणाले.

मला काय आनंद झाला. मी डोळे मिटून तो रस्ता मनात चालून पाहिला. माझ्या बोटापासून विमानाच्या टपावर, तिथून आभाळात, आभाळातून कुठल्या तरी अनोळखी देशात खाली, मग समुद्राच्या तळानं मुंबई, आणि मुंबईहून रस्त्याकडेच्या चरांतून वैरागच्या टॉवरपर्यंत. विमान पुढं पळतंय आणि तरी निरोपाला त्याची खिडकी सापडते. हे कुणाला सुचलं असेल, कुणी पहिल्यांदा करून बघितलं असेल, त्या माणसाच्या घरी कुणी विश्वास ठेवला असेल का? मी त्यांना इतकं विचारलं की त्यांचं जेवण निवलं.

पाच वाजता बारसं होतं. साडेचारला मी कॉल लावून पाहिला. लागेना. पुन्हा लावला. मग हवाईसुंदरीला बोलावलं. ती मुलगी हसून म्हणाली, विमानातून बोलायला परवानगी नाही, इतर प्रवाशांना त्रास होतो. फक्त लेखी निरोप पाठवता येतील. पैसे भरले तर? तरीही नाही. आवाज रेकॉर्ड करून? आमच्या फुकटच्या नेटवर तेही जात नव्हतं, फोटोही नाही. मी फक्त लिहू शकत होते, आणि लिहायचं म्हणजे बाळाच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी नाव कळणार. मी चांगलीच तोंडघशी पडले होते. तिकडे वैरागला पाळणा सजला असणार, नातेपुत्याची मावशी आली असणार, आणि वहिनी फोन हातात घेऊन बसली असणार.

मला काय झालं कुणास ठाऊक, पण घाबरण्याऐवजी डोकं चालायला लागलं. नाव तीन अक्षरी होतं. ते इथंही मी लिहीत नाही, माझी खोड समजा. मी ठरवलं, एकेक अक्षर एकेकाला पाठवायचं. पहिलं भावाला, दुसरं वहिनीला, तिसरं बारशाला वैरागला गेलेल्या माझ्या आईला. आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला जोडाक्षर आलं की ती अडखळते, पण एक सुटं अक्षर तिला नक्की वाचता आलं असतं. एकमेकांना न दाखवता, ओळीनं तिघांनी बाळाच्या कानात आपापलं अक्षर सांगायचं. कुणाकडेच पुरं नाव नाही. ते पहिल्यांदा जुळणार ते बाळाच्या कानात.

मी भावाला हे सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "आक्का, हे काय नवीन?" मी लिहिलं, "सांगितलं तेवढं कर." मग तिन्ही अक्षरं पाठवली.

पहिल्यासमोर निरोप पोचल्याच्या दोन टिका आल्या. दुसऱ्यासमोरही आल्या. तिसऱ्यासमोर एकच टिक आणि ती तिथंच थांबली.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. आमचं छोटंसं विमान कॅस्पियन समुद्राच्या कडेला आलं होतं. मला वाटलं, इथं उपग्रह सुटला. शेजारच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, मधे मधे जातं कधी कधी. मी वायफाय बंद केलं, चालू केलं. फोन बंद केला, चालू केला. खिडकीला टेकवून धरला, जशी काही काचेतून रेंज येणार होती. हवाईसुंदरीला परत बोलावलं आणि तिला जरा जास्तच बोलले, ऑफिसात मला बोलतात अगदी तसंच. ती बिचारी सॉरी म्हणत राहिली. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. तिकडे बाळाच्या कानात दोन तृतीयांश नाव सांगून सगळे आईच्या तोंडाकडे बघत असणार. माझ्या बढाईपायी त्या पोरीचं नाव अर्धवट लोंबकळत होतं, आणि वहिनी भर बायकांत पुन्हा वाट बघत उभी होती. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर आणखी एक निरोप आला, सम्राट चौकातली वायर जोडली म्हणून. मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणजे विमानाचं नेट तर चालू होतं.

मग कुठं मला कळलं. आईचा फोन. दोन वर्षांपूर्वी कीर्तनं बघून बघून तिचा पॅक संपायचा, तेव्हा मीच तिला शिकवलं होतं, काम नसलं की नेट बंद ठेवायचं. ती माझं हे एकच म्हणणं न चुकता पाळते. निरोप आभाळातून, समुद्राखालून, हजारो मैल वैरागपर्यंत बरोबर पोचला होता, आणि आईच्या कनवटीच्या बटव्यातला फोन तो आत घेत नव्हता. ज्या प्रश्नावर माझं पोट चालतं तो एवढा एकच प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. हवाईसुंदरीची मला अतोनात लाज वाटली. घाईघाईत मी भावाला लिहिलं, "आईच्या फोनचं नेट चालू कर."

त्याआधीच त्याचा निरोप येऊन पडला होता. "नाव झालं."

मी आईला पाठवलेला निरोप उघडून पाहिला. एकच टिक. मग तिसरं अक्षर सांगितलं कुणी?

वहिनीचा निरोप आला तो जरा वेळानं, आणि लांबलचक.

"वन्सं, आईंच्या फोनला काय आलंच न्हाय. सगळे थांबले. बाळ रडायला लागलं. मावशी म्हणाल्या, आता काय करायचं. ह्यांनी पहिलं अक्षर सांगितलं तवा बाळ माज्याच मांडीवर होतं, मला ऐकू आलं. दुसरं मलाच आलेलं. मग मला कळलं, तुमी कुठलं नाव ठेवलंय ते. तिसरं मीच सांगितलं कानात. बरोबर हाय का बघा." आणि खाली तिनं पुरं नाव लिहिलं होतं.

ते नाव मूळचं माझं नव्हतंच. बऱ्याच वर्षांपूर्वी सोलापुरात एका दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. वेळ जाईना, तेव्हा वहिनी म्हणाली, मुलगी झाली तर मला हे नाव आवडंल, आणि लाजून तिनं पदर तोंडाला लावला. मग रिपोर्ट आला आणि ती पुढं ते नाव कधी बोलली नाही. मीही तिला कधी आठवण करून दिली नाही, नुसतं जपून ठेवलं. मला वाटायचं, ती विसरली.

निरोपाला पुढंही दोन ओळी होत्या. "नाव सांगणाऱ्याला धपाटे घालत्यात, ते मला बसले. सगळ्यांनी घातले, वन्सं. मावशींचा लई जोरात बसला, पाठ अजून हुळहुळतीया."

शेजारच्या गृहस्थांनी लॅपटॉप मिटला आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली. खाली ढग सरले होते आणि कुठल्या तरी देशाची तपकिरी जमीन दिसत होती. डोळे पुसून मी वहिनीला लिहिलं, "बरोबर हाय. तुजंच हाय ते." त्यापुढं लगेच दोन टिका आल्या.