हवेतला पापुद्रा आणि माझा तक्रारअर्ज

माझ्या हातून आयुष्यात जेवढी पत्रे गेली, त्यांतले एकही मी कधी मागे घेतले नव्हते. बारामतीच्या न्यायालयात आवक-जावक आणि अभिलेख सांभाळण्यात माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर शेळगावच्या घरी राहायला आलो तरी सवय सुटली नाही. कालव्याच्या पाण्याचे आवर्तन चुकले, एसटीची फेरी विनासूचना बंद झाली, विजेचे रोहित्र जळून पंधरवडा उलटला, की मी लिहायला बसे. विषय, संदर्भ, क्रमवार मुद्दे आणि तळाशी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' म्हणून वरिष्ठांची यादी. वरिष्ठाकडे प्रत गेल्याशिवाय कनिष्ठ जागचा हलत नाही, हे मी आत बसून पाहिलेले होते. गावात लोक हसत. रोहित्र मात्र बसे.

पत्नी गेल्यावर घरात मी एकटा उरलो. मुलगी पुण्यात एका संस्थेत काळ्या फॉस्फरसवर संशोधन करते. त्याचा स्फटिक वहीच्या पानांसारखा थराथरांचा असतो. साध्या चिकटपट्टीने ते थर सोलत गेले की शेवटी मोजक्या अणूंच्या जाडीचा पापुद्रा हाती लागतो. पदार्थ मोठा गुणी, पण उघड्यावर टिकत नाही. प्राणवायू, दमटपणा आणि उजेड मिळून त्याला खातात. पापुद्रा जितका पातळ, तितका लवकर संपतो. तो कसा संपत जातो, हेच ती पाहते.

"संपणारच आहे, तर पाहायचे काय त्यात?" मी एकदा विचारले होते.

"मग पंचनामा कशाला करतात, आबा? माणूस तर गेलेलाच असतो."

मला उत्तर आवडले होते. तिला तसे सांगितले नाही.

पत्नीचे वर्षश्राद्ध आले. तिथी मी महिनाभर आधी कळवली होती. आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. यंत्रावरची तिची पाळी याच आठवड्यात आहे, नमुना बंद पेटीतून हवेत काढला आहे, तीन दिवस दर तासाला त्याची नोंद घ्यावी लागेल आणि मध्येच उठून येता येणार नाही. मी "ठीक आहे" म्हणालो. ठीक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंगतीत माझ्या चुलतभावाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, विचारले, "आबा, पोरगी न्हाय दिसली कुठं?"

"कामात आहे."

"असलं कसलं म्हनायचं काम?"

मी सांगितले. सांगायला नको होते.

"म्हंजी पापुद्रा नासंल म्हनून आईचं वरीस सोडलं व्हय? आमी आपलं कांद्याचा पापुद्रा उकिरड्यावर टाकतो बाबा!"

पंगत हसली. त्याची बायको तेवढी वाढता वाढता म्हणाली, "गप गिळा की. आई तिची गेलीया, तुमची न्हाय."

मी ताटावरून उठलो नाही. पाहुणे पांगताच टेबलाशी बसलो आणि मुलीच्या मार्गदर्शक बाईंच्या नावे अकरा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. विद्यार्थिनीस सलग तीन दिवस यंत्रावर राबवणे. मातेच्या श्राद्धविधीस येण्यास मज्जाव करणे. मज्जाव हा शब्द मी लिहिला. तो कोणी केला, याची विचारपूस मी केली नव्हती. तळाशी हात सवयीने चालत राहिला: प्रत, संचालक, प्रत, कुलसचिव. दुसऱ्या दिवशी इंदापूरला जाऊन तिन्ही लिफाफे पोचपावतीसह रजिस्टर केले आणि हलक्या मनाने परतलो. ते हलकेपण आज आठवले तरी मला स्वतःची चीड येते.

बाईंनी माझे पत्र वाचून खणात ठेवले होते. मुलीला त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. गोष्ट तिथेच मिटली असती. पण संचालकांच्या कार्यालयातल्या प्रतीवर आवक क्रमांक पडला, आणि क्रमांक पडलेला कागद निकाली काढावाच लागतो, हे मला कोणी शिकवायला नको. चौकशी लागली. ती संपेपर्यंत मुलीच्या यंत्रावरच्या पाळ्या थांबल्या. मार्गदर्शक तुमचा छळ करतात काय, याचा लेखी खुलासा तिच्याकडून मागवला गेला. ज्या बाईंनी आई गेल्यावर तिला महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतले होते, त्यांच्याविषयी.

हे सारे तिनेच फोनवर सांगितले. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "आबा, मला एक फोन करायचा होतात." त्यानंतर तिने माझा फोन उचलणे बंद केले.

तीन महिने. सकाळी आठला मी फोन लावी, तो पूर्ण वाजून थांबे. मग दूधवाल्याला "अर्धा लिटर" आणि दुकानात "किती झाले" एवढेच दिवसाकाठी माझ्या तोंडून निघे. दुसरी बाजू ऐकल्याखेरीज निर्णय नको, हे तत्त्व मी उभी हयात साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांना ऐकवले. घरात दुसरी बाजू एकच होती. तिला मी ऐकले नाही. या काळात नवा कागद घेऊन बसलो की विषयाच्या पुढे लेखणी सरकत नसे.

चौकशीत माझाही जबाब घ्यायचा ठरला, तेव्हा पुण्याला गेलो. चौकशी अधिकारी वयाने माझ्याहून बरेच लहान, सज्जन होते. म्हणाले, "काका, 'गैरसमजातून अर्ज दिला' असं लिहा. मिटून जाईल."

"गैरसमज व्हायला आधी समजून घ्यायचा प्रयत्न करावा लागतो," मी म्हणालो. "तो मी केला नाही."

मी लिहिले: 'माझ्या मुलीस काहीही न विचारता मी सदर अर्ज केला. त्यातील एकाही मुद्द्यास पुरावा नाही. अर्ज मागे घेत आहे.'

मुलगी बाहेर बाकावर होती. तिला तो जबाब वाचून सही करायची होती. तिने दोनदा वाचला, सही केली आणि "या" एवढेच म्हणून पुढे चालू लागली. प्रयोगशाळेत तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले.

"श्वास बाजूला सोडा," ती म्हणाली.

निळसर तुकड्यावर बारीक फोड उठलेले दिसले, घामाच्या थेंबांसारखे.

"सकाळी गुळगुळीत होता," ती म्हणाली.

स्वारगेटला ती बारामतीच्या गाडीत माझ्याबरोबर चढली. हडपसरपर्यंतचे तिकीट काढले. रामटेकडी मागे पडल्यावर, खिडकीकडे पाहत म्हणाली, "बाईंनी मला दोनदा घरी जा म्हटलं होतं. त्या आठवड्यातली पाळी मीच मागून घेतली. हार घातलेला आईचा फोटो मला बघायचा नव्हता, आबा."

मी म्हणालो, "मला बघावा लागला."

"माहितीये."

"तू सांगितले असतेस तर..."

"तर तुम्ही मुद्दे काढले असते."

हे खरे होते. हडपसरला ती उतरली. मागे वळली नाही, पण उतरताना माझ्या खांद्याला तिचा हात लागून गेला. गर्दीमुळे की मुद्दाम, हे मला ठरवता आले नाही. बारामतीपर्यंत शेजारी कोणी बसले नाही.

दिवेलागणीला घरी पोहोचून फोन लावला. उचलला गेला.

"पोहोचलो," मी म्हणालो.

"बरं."

पलीकडे प्रयोगशाळेतल्या कुठल्या तरी पंपाची घरघर चालली होती. कोणीतरी तिला काही विचारले, तिने त्याला उत्तर दिले, खुर्ची सरकवली. फोन तिने ठेवला नाही. मी ओट्यावर उभा राहून ऐकत राहिलो.