मुठीतली कुपी

नगरच्या त्या हॉस्पिटलात सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणायचे, आणि त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नव्वदच्या दशकाअखेरची गोष्ट. ते तिथले शिपाई; ऑपरेशन थिएटरच्या दाराशी माझा बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन बसत. कापलेल्या गाठीचा तुकडा कुपीत घालून आतून बाहेर आला, की डॉक्टरांचे हातमोजे निघायच्या आत मामा ती कुपी बर्फात घालत.

कॅन्सरच्या गाठीतली कोणती जनुकं नको तेवढी जोरात चालतात, ते मी लॅबमध्ये शोधत होते. प्रत्येक जनुकाचा एक्स-रेसारख्या फिल्मवर एक ठिपका उमटे. जेवढा काळा, तेवढा जोर. एखादं सापडलं तर त्याला आवरणारं औषध पुढे कुणी बनवील, एवढीच आशा. ऊब लागली तर तुकडा वाया जातो, हे मामांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मे महिन्यात एकदा गेले, तर थर्मास बाकावर होता आणि कुपी मामांच्या मुठीत.

“मामा, बर्फात का नाही ठेवली?”

“आमच्या हिची हाय, ताई. लई गारठती वो ती. उन्हाळ्यातबी गोधडी लागती तिला.”

कुपी कोमट झाली होती. मी ती तशीच लॅबमध्ये नेली. फिल्म कोरी निघाली.

दिवाळीआधी मामी गेल्या. कामावर परतल्या दिवशी मामांनी थर्मास पुसता पुसता विचारलं, “ताई, हिचं कामाला आलं का?”

“आलं, मामा.”

त्यांचा हात थांबला.

“म्हंजे बर्फात ठिवलीच म्हना तुमी तिला.”