गळालेल्या पॅकेटांचा आकडा

आज दुपारी स्क्रीनवरचा एक आकडा चारावरून पाचावर गेला. आभासी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे प्रोग्राम, लिहिणं हे माझं काम. हे कार्ड हातात धरता येत नाही, ते कॉम्प्युटरच्या आतच सॉफ्टवेअरने उभं केलेलं असतं. एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पुढे धाडता आलं नाही, तर ड्रायव्हर ते गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला "ठीक आहे" म्हणतो आणि आतल्या आत हा आकडा एकाने वाढवतो.

नव्याने कामाला लागलेल्या मेघनाने विचारलं, "पण मग पाठवणाऱ्याला कळणार कसं?"

"आकडा आहे ना. त्याने येऊन बघावा," मी म्हणालो.

माझी थोरली बहीण, आक्का, गावी एकटी राहायची. दर रविवारी मी फोनवर विचारायचो, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझं काम बघ," हे तिचं ठरलेलं उत्तर.

ती गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी उतरवलं. जानेवारीतल्या एका तारखेवर तिने पेनाने बारीक टिंब दिलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'छातीत दुखलं'. पुढच्या पानांवर नुसती टिंबंच होती, महिन्यागणिक दाट होत गेलेली. कितीतरी टिंबं रविवारची होती.

दिवाळीत चार दिवस मी त्याच कॅलेंडरखाली बसून जेवलो होतो.